एक्क्याण्णवला भाग जातो

—नाही, त्या ताटातलं नको. हात काढा बघू आधी. दिसायला तुमच्या कोटाच्या बटणाचं जुळं भावंडच आहे ते, मलाही दिसतंय, डोळे अजून शाबूत आहेत माझे—पण त्या ताटातलं एकही उचलायचं नाही. मोजून एक्क्याण्णव आहेत ती. रागावले नाही हो, आवाजच तसा आहे माझा, दिवसभर मशीनच्या वरताण बोलून बोलून झालाय असा. बसा. स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे, या खुर्चीवर बसा. तुमच्या कोटाची मी वेगळी युक्ती करते—सगळ्यात खालचं बटण कोणी लावतं का कधी? नाही ना? मग ते काढून वर छातीवर लावते, आणि खाली त्यातल्या त्यात जवळचं दुसरं. कोणाच्या बापाला कळणार नाही. इथल्या निम्म्या कोटांची खालची बटणं मी अशी वर चढवलीत. द्या इकडे. आणि हे असं दोरा ताणून कोणी लावलं होतं? तुम्हीच? वाटलंच. कोटाच्या बटणाखाली दोऱ्याची थोडी मान ठेवावी लागते, नाहीतर कापडाला श्वासच घेता येत नाही.

एक्क्याण्णवच का म्हणताय? सगळे विचारतात. मी सांगते, मापाला ठेवलीत. मापाला कोणी बटणं ठेवतं का—पण लोकांना उत्तर मिळालं की पुरे असतं, खरं-खोटं कोण बघतंय. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही काही इथल्या नाही. तुम्हाला पाढे कुठपर्यंत येतात? तीसपर्यंत? वा. मला दहापर्यंतच. चौथीनंतर शाळा सुटली, आई अंथरुणाला खिळली आणि मशीन माझ्या पायाखाली आलं. तर दहापर्यंतच्या पाढ्यांत हा एक्क्याण्णव नाहीच कुठे. म्हणून बघा मनातल्या मनात. नव दाहे नव्वद—आणि मग दहा दाहे शंभर, थेट उडी. मधला हा कोणाच्याच घरचा नाही. मला वाटायचं, असेल एखादा असाच, सोडून दिलेला.

तो माझ्या वाट्याला आला लग्नानंतर. आमचे हे जहाजावर होते. समुद्राच्या तळाशी तारा अंथरतात ना, त्या जहाजावर—तुटलेल्या तारांची टोकं जोडायची, हे त्यांचं काम. केसासारख्या बारीक काचेच्या तारा, भिंगाखाली धरायच्या आणि अशा जुळवायच्या की जोड कुठे आहे ते जोडणाऱ्यालाही सापडू नये. जगभरची माणसं त्या तारांतून बोलतात म्हणे, भांडतात, रडतात, लग्नं ठरवतात. आणि ज्यानं त्या जोडल्या तो माणूस घरी जेवायला बसला की 'मीठ' एवढंच बोलायचा—तेही कमी पडलं असलं तर. कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं, एक्क्याण्णव दिवस जहाजावर, एक्क्याण्णव दिवस घरी. पुन्हा एक्क्याण्णव तिकडे, पुन्हा इकडे. मी एकवीस वर्षांची. आठ दिवसांच्या ओळखीचा नवरा, तो बॅग घेऊन निघून गेला आणि मी या दुकानात बसले—हे दुकान सासूबाईंचं, त्या गेल्यावर बंदच पडलं होतं. म्हटलं, एवढं मोठं ओझं एकदम कसं उचलणार, गठ्ठे करू. ताटात एक्क्याण्णव बटणं ओतली. रोज संध्याकाळी एक उचलायचं आणि बरणीत टाकायचं, हे ठरलं. पण त्याआधी गठ्ठे. दोन-दोनाचे केले—एक उरलं. तीन-तीनाचे केले—एक उरलं. चाराला तीन उरली, ते सोडा. पाचाला एक. सहाला पुन्हा एकच. कसंही करा, ते एक आपलं बाजूला बसलेलं, कोणी नाचात न घेतलेल्या पोरीसारखं. मी ताट ढकलून दिलं. हा आकडा फुटतच नाही म्हटलं, आता अख्खाच गिळायचा.

हा दोरा चालेल ना? तपकिरीच आहे, उजेडात काळा वाटतो.

वरच्या खोलीत आमच्या वन्सं राहायच्या. यांची धाकटी बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं—का ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. कोरडी बाई. ब्लाउजच्या बाहीला कायम खडू लागलेला, आणि बोलणंही खडूसारखंच, जेवढ्यास तेवढं. पहिल्या महिन्यात आमचं बोलणं काय—'दूध आलं का', 'आलं'. तर एक दिवस पिशवीचा बंद तुटला म्हणून त्या खाली आल्या. मी बंद शिवतेय, त्या उभ्या. ताटाकडे बघून म्हणाल्या, हे काय. मी सांगितलं सगळं. एवढं सलग मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. वाटलं हसतील. नाही हसल्या. म्हणाल्या,

"वहिनी, सहावर का थांबलात? सात करून बघा."

केले. बरणीत टाकलेली पुन्हा ताटात ओतली, ताट घेऊन खाली फरशीवर बसले आणि सात-सातचे ढीग मांडत गेले, आणि त्या वरून बघत उभ्या. तेरा ढीग झाले. ताटात हात फिरवला—काही नाही. एकही उरलं नाही. मी ताट उलटं करून बघितलं, बाई. मग त्यांनी मला तेराचा पाढा म्हणून दाखवला, तेर एके तेरापासून, आणि तेर साते एक्क्याण्णवला येऊन थांबल्या. म्हणाल्या, दिसायला आडमुठा आहे, पण त्याला भाग जातो, फक्त बरोबर आकड्यानं विचारायला लागतं. आणि म्हणाल्या, दादा मंगळवारी गेला ना, मग मंगळवारीच येईल, सातानं भाग जातो म्हणजे बरोबर तेरा आठवडे. मला वाटत होतं कंपनीला मंगळवार आवडतो.

ते तेरा आठवडे कसे गेले ते आता आठवत नाही. पुढच्या खेपेचे आठवतात. हे पुन्हा गेले त्या संध्याकाळी वन्सं आपण होऊन खाली आल्या, वह्यांचा गठ्ठा बगलेत. म्हणाल्या, या वेळी ढीग नकोत, त्रिकोण करू. वर एक बटण, त्याखाली दोन, त्याखाली तीन, असं तेरा ओळींपर्यंत. मी म्हटलं, पुरतील का बरोबर? नक्की? त्या म्हणाल्या, गणितात नक्कीच असतं, म्हणून तर मी तिथं राहते. पुरली. तेराव्या ओळीला तेरा, आणि ताट रिकामं. त्याच्या पुढच्या खेपेला मधमाश्यांचं पोळं—मधोमध एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा, मग अठरा, चोवीस, तीस. सहा कोपऱ्यांचं झालं, अगदी भरलेलं, कुठे फट नाही. ते मी रंग लावून केलं होतं, एकेक वेढा एकेका रंगाचा, शिंपल्याची, लाकडाची, पितळेची. शिंपल्याची यांनी आणलेली. हो, आणायचे ना. कुठल्या कुठल्या बंदरांतून कागदाच्या पुड्यांत बटणं आणायचे माझ्यासाठी. द्यायचे नाहीत हातात, मशीनच्या खणात ठेवून द्यायचे आणि मला सापडायची. माणूस वाईट असता तर सांगायला सोपं गेलं असतं.

आणि मग चौकोन. चौकोनांचं नीट ऐका, सगळं त्याच्यावर आहे. सहा सहाचा एक चौकोन—छत्तीस. पाच पाचाचा, पंचवीस. चार चाराचा सोळा, मग नऊ, मग चार, आणि शेवटी एकटं एक. छत्तीस नि पंचवीस एकसष्ट, नि सोळा सत्त्याहत्तर, नि नऊ शहाऐंशी, नि चार नव्वद, नि एक—आहे ना? एका ओळीत सहा चौकोन मांडायचे, पायऱ्या उतरल्यासारखे. वन्सं म्हणाल्या, मोठ्यापासून संपवा. छत्तीस दिवस जड जातात, मग पंचवीस, मग हां हां म्हणता सोळा, नऊ, चार, आणि शेवटी एकच राहतं—ते उचललं की दुसऱ्या दिवशी माणूस दारात. मी म्हटलं, नवरा-बायकोचं खातं छत्तीसच्या आकड्यापासून उघडायचं म्हणजे भारीच. त्या हसल्या. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं—आवाज यायचा नाही, खांदे हलायचे फक्त.

त्यानंतर त्या वह्या तपासायला खालीच बसायला लागल्या. शाळेतून यायच्या, मी चहा ठेवायचे, त्या तिथे, आता तुम्ही बसलात ना, तिथेच—माझं मशीन चालू, त्यांची लाल पेन्सिल चालू. मध्येच एखाद्या मुलीची चूक वाचून दाखवायच्या. मला कळायची नाही चूक काय आहे, पण कळतंय असं दाखवायचे, आणि हळूहळू खरंच कळायला लागली. मग उजेड उतरला की म्हणायच्या, चला, आजचं उचला. मी बटण उचलायचे, बरणीत टाकायचे, टक् वाजायचं. त्या म्हणायच्या, उरले इतके. मग वेगवेगळे उठून आपापल्या जागी. यांचं पत्र आलं तर तेही मोठ्यानं मीच वाचायचे—चार ओळी, हवामानाच्या. एकदा त्यांनी सांगितलं, चार एक्क्याण्णव म्हणजे तीनशे चौसष्ट. दोन दादाचे तिकडचे, दोन इकडचे. वर्षाचा एक दिवस उरतो वहिनी, तो कोणाच्याच हिशोबात नाही. मी म्हटलं, मग तो आपण घेऊ. नुसतं बोलायचं म्हणून बोलले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, "घे की." घ्या नाही—घे. इतक्या वर्षांत एकदाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या, बसा, द्या.

सुई टोचली का? नाही, मलाच. काही नाही, बोटं निबर झालीत.

हे घरी असले की वन्सं खाली येत नसत. नवरा-बायकोत तिसरं कशाला, असं त्यांचं. बरोबरच आहे ना? हे असायचे तेव्हा घर नीट चालायचं. गळका नळ बंद व्हायचा, मशीनला तेल मिळायचं, जिन्याची कुरकुरणारी पायरी गप्प व्हायची. सगळंच गप्प व्हायचं. मी बोलायचे सुरुवातीला, भरपूर बोलायचे. पण विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये—किती दगड टाकणार? मूलबाळ झालं नाही. ते विचारू नका. तर घरातल्या दिवसांचेही मी चौकोन मांडायचे. पण उलटे. लहानापासून सुरू करायचे—आधी एकटं एक, मग चार, मग नऊ. म्हणजे कितीही दिवस सरले तरी शेवटचा छत्तीसचा चौकोन अख्खा दिसतो ताटात, वाटतं अजून चिक्कार आहेत, अजून राहतील हे. नवीन नवीन होते तेव्हा, दिवस पुरायचे नाहीत मला. खरं सांगते. पहिली दोन-तीन वर्षं तरी नक्की.

मग कधी बदललं ते मला सांगता येणार नाही. मुद्दाम नाही केलं. आठवं वर्ष होतं. हे आले मंगळवारी, मी ताट मांडलं, संध्याकाळी हात पुढे केला—आणि तो मोठ्या चौकोनाकडे गेला. बस्स. दुसऱ्या दिवशीही तिकडेच. आता एकदा सुरू केलं तर ते पुरं करायचं, अर्धवट कुठे सोडणार, असं मी मलाच सांगितलं. ताटातली बटणं, कोणाला काय कळतंय.

कळणारी एकच होती आणि ती चाळिसाव्या दिवशी माझी कात्री परत द्यायला खाली आली. छत्तीसचा चौकोन गेलेला, पंचविसातली चार गेलेली, आणि पुढचे चारही लहान चौकोन जिथल्या तिथे. वन्संनी कात्री मशीनवर ठेवली. ताटाकडे बघितलं—दोन क्षण, फार नाही, त्यांना उदाहरण बघायला तेवढेच लागायचे. मग माझ्याकडे बघितलं. आतल्या खोलीत हे घोरत होते. मला म्हणायचं होतं की अहो तसं नाही. पण तसं नाही म्हणजे कसं? ज्या क्रमानं मी त्यांच्या भावाची वाट बघायचे, त्याच क्रमानं आता भाऊ जायची वाट बघत होते, आणि तो क्रम त्यांनीच मला शिकवलेला. त्या जिना चढून गेल्या.

आणि यांचं म्हणाल तर—पाच उरली होती. चाराचा चौकोन आणि एकटं एक. गुरुवार होता. हे चष्मा शोधत दुकानात आले, आणि ताटापाशी थांबले. आठ वर्षं ताट तिथेच होतं हो, आठ वर्षांत कधी थांबले नव्हते. मी आपली कॉलर उसवतेय. म्हणाले, हे काय मोजतेस. मी म्हटलं, दिवस. कुठले? तुमचे घरातले. त्यांनी ते एकटं बटण उचललं, उजेडात धरून बघितलं—शिंपल्याचं होतं, त्यांनीच आणलेलं—आणि विचारलं,

"सरतात म्हणून मोजतेस, का सरावेत म्हणून?"

एवढं लांब वाक्य ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आणि त्याचं उत्तर इतकं सोपं होतं. 'सरतात म्हणून' म्हणायचं, संपलं. बायका दिवसातून दहा वेळा असली उत्तरं देतात, मीही देते, गिऱ्हाइकाला म्हणते बारीक दिसता या कोटात. पण मी कॉलरचा पुढचा टाका उसवला, मग त्याच्या पुढचा. मशीनसुद्धा चालू नव्हतं. त्यांनी मान हलवली—रागानं नाही, भिंगाखाली तार जुळली नाही की हलवत असतील तशी—आणि बटण जिथून उचललं होतं बरोबर तिथेच ठेवलं. आणि मंगळवारी गेले. बॅग भरून दिली मी. मोजे मोजून दिले.

त्याच संध्याकाळी वन्सं खाली आल्या. मी चहा ठेवायला उठले, तर म्हणाल्या, नको. उभ्याउभ्याच सांगितलं की लांबच्या एका शाळेत वसतिगृहासकट जागा आहे, त्यांनी महिन्यापूर्वीच अर्ज केला होता, होकार आलाय. महिन्यापूर्वी म्हणजे कधी ते मी ताडलं—कात्रीनंतर. मी म्हटलं, का? काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "तो माझा भाऊ आहे, वहिनी." मग म्हणाल्या, आणि मला तो गेला की बरं वाटायला लागलं होतं. हे दुसरं वाक्य त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, ताटाकडे बघून. चौथ्या दिवशी टांगलेल्या साड्या, दोन पेट्या आणि गणिताची पुस्तकं घेऊन गेल्या. खोलीची किल्ली मला दिली. मी ती खोली झाडली. फळीवर खडूची भुकटी होती.

एक्क्याण्णव दिवस झाले. मंगळवार आला, हे आले नाहीत. पत्र आलं—दोन खेपा जोडून घेतल्यात. म्हणजे एकशे ब्याऐंशी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, माझ्या दुष्काळात तेरा आठवडे जास्तीचे. वर कोणी नाही, आत कोणी नाही. एका ताटातल्या बटणांनी मी दोन्ही माणसं घालवली, असं बघा. तेव्हा बरणीत टाकलेली सगळी बटणं गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावून टाकली. दिसेल त्याला बटण. एका म्हाताऱ्यानं विचारलं, बाई, शर्टाला दोन बटणं जास्त कशी. म्हटलं, असू द्या.

मग आले ना, जाणार कुठे. सहा महिन्यांनी आले. बहीण का गेली ते विचारलं नाही त्यांनी. तिच्याकडे वर्षातून एकदा जाऊन यायचे. मला म्हणायचे, येतेस? मी म्हणायचे, दुकान आहे. त्यांच्या खेपा चालूच राहिल्या, पुढे बावीस वर्षं. मी पुन्हा ताट मांडलं नाही. पण काय होतं, शरीराला कळतंच. नव्वदाव्या दिवशी बरोबर झोप लागायची नाही—जाण्याची असो, येण्याची असो. वन्संचं पत्र म्हणाल तर एकच आलं मला. पाचव्या वर्षी, कार्ड. खुशाली नाही, काही नाही. लिहिलं होतं, वहिनी, तीनाचा घन अधिक चाराचा घन, करून बघा. मला घन म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, तीन गुणिले तीन गुणिले तीन. सत्तावीस. आणि चाराचं चौसष्ट. आता करा बेरीज. केली? मी तीनदा केली. मग कार्ड आणून लिहिलं, बरोबर आलं. आणखी काही लिहायला जागा भरपूर होती.

हे निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली. कायमचे घरी. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, पाठ धरते, वरच्या खोलीत फळीवर झोपतो. गादी वर नेली. मग कपडे नेले, मग खुर्ची. जेवायला खाली यायचे, नळ गळला तर यायचे. पाठीला काही झालेलं नव्हतं हो, मला माहीत आहे, खांद्यावर पोती वाहून आणायचे. मला मोकळीक करून दिली त्यांनी. एवढं चांगलं कोणी कोणाशी वागू नये.

आता? आता तिकडेच आहेत. वन्सं पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. निवृत्तीनंतर तिथेच खोली घेऊन राहतात, बघायला कोणी नाही. हे गेले. पंधरा दिवसांत येतो म्हणाले. शनिवारी गेले—सोळा आठवडे नि सहा दिवस झाले. नाही, मोजत नाही मी, असंच येतं तोंडात. रविवारी फोन करतात. मागच्याच्या मागच्या रविवारी मी धीर करून विचारलं, अजून किती दिवस. म्हणाले, सांगता येत नाही. आणि म्हणाले, बरं चाललंय इथे, संध्याकाळी आम्ही दोघं बोलत बसतो. बोलत बसतो—हे! मी म्हटलं, काय बोलता? म्हणाले, असंच, लहानपणचं, जहाजाचं, काहीही. मागून वन्संचा आवाज आला, कोण आहे म्हणून. यांनी विचारलं, तिला देऊ का फोन? मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय. कुठलं गिऱ्हाईक, रविवारी दुकान बंद असतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, हे ताट मांडलं. तीस वर्षांनी. हात चुकला नाही, मोजून एक्क्याण्णव. चौकोन केले सहाही. आणि मग बसले बघत, की उचलायचं कुठून. मोठ्यापासून का लहानापासून? आणि कशाचे? कंपनीचा कागद असायचा तेव्हा, मंगळवार असायचा. आता दिवसच सांगितले नाहीत तर त्याला भाग कशानं घालायचा? म्हणून ते तसंच आहे, भरलेलं. म्हणून म्हटलं हात लावू नका.

जा म्हणताय? तुम्ही पहिल्याच आहात म्हणणाऱ्या, बाकी कोणाला सांगितलंय मी. जायचं म्हणजे जाता येईल, का नाही. दुकान काय, चार दिवस बंद राहिलं तर लोक नागवे फिरणार नाहीत. पिशवी भरलीही होती परवा. सहा तासांचा तर रस्ता. पण समजा गेले. समजा दार वाजवलं. हे दार उघडणार, आणि त्यांच्या मागे खाटेवर वन्सं असणार, दाराकडे तोंड करून. दोघं एकदम समोर. आणि मी आधी कोणाकडे बघते, ते दोघंही बघणार. एक ती गणिताची बाई, आणि एक हा, केसाएवढ्या काचेच्या तारा जोडणारा. दोघांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही.

काय म्हणालात? आधी कोणाकडे बघेन?

थांबा, दोरा तोडू दे.

घ्या, झालं तुमचं. घाला बघू. हात वर करा—हं, खाली. खेचत नाही ना कुठे? नाही, द्यायचं काही नाही, एका बटणाचं काय घ्यायचं. निघा आता. मला पडद्यांच्या टिपा घालायच्यात, संध्याकाळी न्यायला येतील. आणि दार ओढून घ्या जाताना, कागदी मापं उडतात वाऱ्यानं.